पट्टीवरचं पाणी

नव्याच्या दिवशी, म्हणजे नवा तांदूळ पहिल्यांदा शिजतो त्या सणाला, तुलावींच्या अंगणातला कूड जागेवर दिसला नाही, तेव्हाच कोसमटोल्याला कळलं की भावाभावांचं मिटलं. तीन वर्षं तो कूड मधे उभा होता. थोरल्या झिंगूचा नवा तांदूळ अलीकडे शिजायचा, धाकट्या धनराजचा पलीकडे, आणि दोन्हीकडच्या बायका कुडाच्या फटीतून एकमेकींना मीठमिरची द्यायच्या. पुरुषांना वाटायचं, भांडण चालू आहे. यंदा झिंगूच्या बायकोने, सोमारीबाईंनी, नवऱ्याला न विचारता कूड उपटला आणि त्याच्याच काटक्यांवर भात चढवला.

भांडण झालं होतं वाऱ्यावरून. धनराजची मुलगी करिश्मा चंद्रपूरला वातजल ऊर्जा नावाच्या कंपनीत इंजिनियर होती. कंपनी गावामागच्या पठारावर वारा मोजायचा खांब उभा करायला आली, तेव्हा सभेत धनराज हो म्हणाला आणि झिंगू नाही. पठारावर आपले पेन, म्हणजे देव, आहेत, त्यांच्या जागी लोखंड नको, असं थोरल्याचं म्हणणं. शेवटी खांब देवांपासून तीनशे पावलं दूर गेला आणि भाऊ एकमेकांपासून त्याहून दूर.

मग गेल्या पावसाळ्यात करिश्माने डोकं चालवलं. डोंगरावरून उतरणाऱ्या बेलझरी नदीवर वीज करायचं कंपनीच्या मनात आलं होतं. त्यासाठी वर्षभर पाण्याची पातळी टिपणारं माणूस हवं होतं. ते काम तिने मोठ्या बाबांना, झिंगूला, दिलं. नदीत उभी केलेली रंगीत मोजपट्टी, एक वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. झिंगू चौथी शिकलेला, पण त्या दिवसापासून पाऊस असो की ताप, सकाळी आठला माणूस नदीवर हजर. एक खाडा नाही. हळूहळू तो धनराजलाही पाण्याचा आकडा सांगू लागला, आणि आकड्यावरून बोलणं सुरू झालेले भाऊ पुढे बैलांवर, पोरांवर आणि शेवटी जेवणावर आले.

उद्या सभा होती. पठारावर आठ पवनचक्क्या आणि बेलझरीवर वीजघर, दोन्हींना गावाची संमती घ्यायची होती. करिश्माच्या अहवालात एक वाक्य होतं: बेलझरी भर उन्हाळ्यातही इतकं पाणी देते की मशीन बारा महिने चालेल आणि खाली नदीत गावाची धार तुटणार नाही. गाव पाघळलं होतं ते या वाक्यावर. कोसमटोल्याच्या सभेत बहुमत चालत नाही, एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव अडतो. पण नाही म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. चंद्रपूरच्या ऑफिसात तिचे साहेब, राजदीप रामटेके, यांनी तो मे महिन्याचा आकडा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. "एवढं पाणी कुठून आलं?" असं कोणी विचारलं तेव्हा करिश्मा मान ताठ करून म्हणाली होती, "आमच्या गावाने जंगल राखलंय, सर." तिला उद्याची काळजी नव्हती. भूक मात्र सपाटून लागली होती.

"बाई, हे खाऊन पाह्य," झिंगूचा मुलगा पवन तिच्यापुढे तव्यावरचे सुके मासे धरून म्हणाला. खांबाच्या वेळी सगळ्यात मोठ्या आवाजात विरोध याच पवनने केला होता. आता वीजघरात नोकरी लागायची म्हणून तो कंपनीची टोपी घालून मासे भाजत होता. "यंदा का मासे भेटले बापा! उन्हाळाभर खाल्ले, तरी मडकंभर सुकवले."

"कुठी धरले?" करिश्माने एक उचलून तोंडात टाकला.

"कुठी म्हणजे? आपल्या बांधावर."

"रपटा झाला तेव्हा बांध बंद पडला ना?"

"बंद कायले पडन? रपट्याखाली पानी ठरत नाई म्हणून वर सरकवला. आता कोसमाच्या वळनावर घालतो."

उन्हाळा लागला की कोसमटोल्याचे लोक नदीला आडवा बांध घालतात. दगड, पळसाच्या फांद्या, वर चिखल. घरटी एक माणूस कामाला आणि घरटी सारखा वाटा. करिश्मा स्वतः लहानपणी त्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिलेली. तेव्हा बांध खालच्या उतारावर, आता रपट्याचा ठेंगणा पूल आहे तिथे, असायचा, म्हणून तिने मोजपट्टीसाठी वरची जागा निवडली होती. तोंडातला घास तिने तसाच धरला.

"पट्टीच्या वर का खालती?"

"खालती. शंभरक पावलं असन. काऊन?"

तिने फोन काढला. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो त्यात होते. "मोठीमाय, बांध कधी घातला होता?"

"शिमग्याच्या आठ दिवस आधी," सोमारीबाई भात हलवत म्हणाल्या. "मीच तं पयला दगड टाकला."

शिमग्याच्या आठ दिवस आधी पाणी पट्टीवर एका दिवसात दीड वीत चढलं होतं. त्यानंतर मृगापर्यंत ते बोटभरही हललं नव्हतं. ही चढण करिश्माने ऑफिसात बसून पाहिली होती आणि तिच्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, अवकाळी पाऊस. बांधामागे पाणी फुगतं, पट्टीवर चढतं, पण वाहत नाही. उभं पाणी आणि वाहतं पाणी पट्टीला सारखंच. तो फरक बघायला इंजिनियर असतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तिने यंत्राने धार मोजली होती, पण उन्हाळ्याचे चार महिने कंपनीने तिला साताऱ्याकडे पवनचक्क्यांच्या कामाला पाठवलं आणि तिने वहीवर भागवलं.

"बाबा," ती धनराजला म्हणाली, "उन्हाळ्याचा आकडा चुकला आहे. तो फुगवटा होता. नदीत तेवढं पाणी नाहीच."

"किती कमी आहे?"

"वहीत दिसते त्याच्या चौथाई बी नसन. मशीन चालवली तर वैशाखात खालची नदी कोरडी पडन. मासे नाई, गुरांले पाणी नाई."

धनराजने आधी बाजेवर बसलेल्या भावाकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "हे पाह्य पोरी, उद्या सभा आहे. कंपनी मशीन बसवाच्या आधी पुन्हा मोजन की नाई मोजन?"

"मोजली तर मोजली. संमती तर उद्याच घेतील ना."

"मंग घेऊ दे. तीन वर्षं मी लोकायच्या हातापाया पडलो. माहा सख्खा भाऊ माह्याशी बोलत नव्हता. आता तू म्हणशीन आकडा चुकला, आन लोक म्हणतीन धनराजच्या पोरीनं फसवलं."

"काका बरोबर म्हणते," पवन म्हणाला. उभ्या जन्मात त्याने काकाची बाजू पहिल्यांदा घेतली असेल. "पुढच्या वर्षी बांधच घालू नोको. झालं, मिटलं."

"बांध नाई घातला तर नदीत पानी येते का रे, बैला?" सोमारीबाईंनी उलथनं त्याच्याकडे रोखलं. "डोक्यावर टोपी आली तं अक्कल गेली का? पोरगी खरं बोलून राह्यली. बोलू द्या तिले."

"तुमचं काय जाते बोलाले, वहिनी?"

"माही नदी जाते!"

तेवढ्यात झिंगू बाजेवरून उठला. अंगावरचा नवा शर्ट त्याने सारखा केला आणि करिश्माला विचारलं, "म्हणजे मी वर्षभर खोटं लिहिलं?"

"नाई हो, मोठेबाबा. तुमचा आकडा बरोबर आहे."

"तूच आता चुकला म्हणली. सगळ्यायच्या समोर." तो पायरी उतरला आणि नदीच्या वाटेने चालू लागला. नव्याचं पान वाडवडिलांच्या नावाने थोरल्यानेच ठेवायचं असतं, त्याच्याआधी शितालाही हात लावायचा नसतो. सोमारीबाईंनी भाताखालचं जळण ओढून घेतलं आणि पुतणीकडे बघून म्हणाल्या, "जा. घेऊन ये."

नदी भाद्रपदाची, दोन्ही काठ भरून चाललेली. पट्टीचा लाल रंगाचा भाग पाण्याखाली होता. झिंगू काठावरच्या खडकावर बसला होता, रोज सकाळी बसायचा तिथेच. करिश्मा चपला काढून त्याच्या शेजारी बसली.

"एकशे अडतीस," तो पट्टीकडे बघत म्हणाला. "सकाळी एकशे एकेचाळीस होतं. उतरून राह्यलं."

"मोठेबाबा, चूक माझी आहे. जागा मी निवडली. धार मी मोजायला पाहिजे होती."

"वहीत शेवटचा एक रकाना आहे. शेरा." झिंगू अजून तिच्याकडे बघत नव्हता. "मले त्यात लिहाचं होतं, आज बांध घातला. मी तुले फोन केला होता. आठवते का तुले?"

तिला आठवलं नाही आणि मग एकदम आठवलं. साताऱ्याचं ते गरगरणारं पठार, कानात वारा, हातात नकाशे, आणि फोनवर मोठ्या बाबांचा आवाज तुटत तुटत येणारा.

"तू म्हणली, मोठेबाबा, फक्त आकडा लिहा. गावच्या गोष्टी लिहू नका, साहेब लोक हसतीन."

करिश्माला इतकी लाज वाटली की तिला नदीत उतरावंसं वाटलं. चंद्रपूरच्या कॉलेजात तिच्या बोलण्याला पोरं हसायची. तेव्हापासून ती लोकांनी हसायच्या आधीच गाव झाकून टाकायला शिकली होती. त्या झाकण्यात ती इतकी तरबेज झाली होती की त्याचं भानही राहिलं नव्हतं, आणि एक अख्खा उन्हाळा त्यात बुडाला होता. ती रडली. झिंगूने तिला रडू दिलं, मधे पडला नाही.

"मी सांगणार आहे," ती नाक पुसून म्हणाली. "आज सरांना आणि उद्या सभेत. शेरा लिहू दिला नाही हे बी सांगणार."

"नोकरी जाईन."

"गेली तर दुसरी मिळन. मले काम येते, मोठेबाबा. एक आकडा चुकला म्हणून मी काम विसरली नाई."

तेव्हा झिंगूने तिच्याकडे पाहिलं आणि हसला. बाप तसाच हट्टी आहे, असं काहीसं तो पुटपुटला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला. "चाल. भात थंडा होऊन राह्यला."

पळसाच्या पानावर नवा भात ठेवून, मोहाच्या दारूचे थेंब भोवती टाकून झिंगूने आजापणजांची नावं घेतली. नावं संपल्यावर त्याने हात जोडलेलेच ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यंदा नदी मोजाची चुकली. पोरगी सुधरवनार आहे. तिच्या पाठीशी राहा." धनराजच्या कपाळावर आठी चढली. पण वाडवडिलांना सांगून झालेली गोष्ट मागे घ्यायची कशी, हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे जेवले. भावाभावांची पानं शेजारी होती आणि दोघांनी एकमेकांना एका शब्दाने आग्रह केला नाही.

फोनला रेंज लागते ती पठारावर, वाऱ्याच्या खांबापाशी. दुपारी करिश्मा वर गेली आणि तिने राजदीप रामटेक्यांना सगळं सांगितलं. रामटेके बल्लारपूरचे, पेपर मिलच्या कामगाराचे चिरंजीव, कष्टाने वर आलेले आणि ऐकून घेणारे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"करिश्मा, शुक्रवारी पैसे लावणारी मुंबईची माणसं येऊन राह्यली. तू ठराव घेऊन ये. आकडा आपण नंतर दुरुस्त करू."

"सर, ठरावात आकडा लिहिलेला आहे. त्या आकड्यावर लोक हो म्हणणार आहेत."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"एक उन्हाळा थांबा म्हणून सांगा. मी स्वतः इथे राहून मोजते. माझ्या अंदाजाने मशीन लहान बसेल आणि आठ महिने चालेल, पण खरी चालेल. पवनचक्क्यांचा ठराव वेगळा करू, तो अडवायचं कारण नाही. वाऱ्याला कोणी बांध घातलेला नाही."

ते हसले, पण फार वेळ नाही. "पाण्याचं काम दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय, सर."

"वहीची पानं पाठव. सगळी." त्यांनी फोन ठेवला. हे हो होतं की नाही होतं ते करिश्माला उमगलं नाही, पण पठार उतरताना तिचे पाय हलके होते.

सकाळी सभा भरली. पवनचक्क्यांचा ठराव अर्ध्या तासात झाला. देवांची जागा नकाशावर आखून घेतल्यावर झिंगूनेही हो म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग करिश्माने बेलझरीचा नकाशा टांगला आणि कंपनीचा प्रस्ताव वाचून दाखवला. शेवटच्या ओळीवर थांबून ती म्हणाली, "हा आकडा चुकीचा आहे." बांध, फुगवटा, शेऱ्याचा रिकामा रकाना, साताऱ्याला आलेला फोन, तिने काही मागे ठेवलं नाही.

तिला वाटलं होतं लोक चिडतील. लोक चिडले नाहीत, तीच पंचाईत झाली.

"आपलीच पोरगी आहे. चुकलं तं सुधरवन," एक म्हातारा म्हणाला. पवनच्या वयाच्या पोरांनी एका सुरात होकार भरला. रस्ता येणार होता, कामं येणार होती. एवढं खरं बोलणारी मुलगी कंपनीत असल्यावर भ्यायचं कशाला, असं कोणी म्हणालं आणि माना डोलल्या. तिने गमावायच्या तयारीने जो विश्वास समोर ठेवला होता, तोच आता चुकीच्या आकड्याला सही मिळवून देत होता.

"तं मंग हो धरू का?" सभेचा सचिव पत्रू ठरावाचं पान उघडून म्हणाला. "कोनाचा विरोध?"

सोमारीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. झिंगूची मान खाली होती. करिश्माला त्याचं मन वाचता आलं. नदीसाठी नाही म्हणावं, तर भाऊ पुन्हा तीन वर्षं दुरावणार. त्याने भाऊ एकदा गमावून पाहिला होता, दुसऱ्यांदा त्याच्यात ताकद नव्हती. समोर धनराज बसला होता.

करिश्माने नकाशा काढून गुंडाळला, सतरंजीवर ठेवला आणि चालत बायकांच्या बाजूला गेली. सोमारीबाईंच्या शेजारी बसली. मग हात वर केला.

"माहा विरोध आहे."

पत्रू गोंधळला. "तू तं कंपनीची ना वो?"

"कंपनीकडून बोलून झालं. आता करिश्मा धनराज तुलावी, राहणार कोसमटोला. मी या सभेची आहे की नाई?"

"आहे तं."

"मंग लिही, भाऊ. एक उन्हाळा पाणी पुन्हा मोजल्याशिवाय बेलझरीच्या ठरावाले माहा विरोध."

पोरांत चुळबूळ झाली. पवनने टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघेचना. पेन्सिल वहीवर टेकवून पत्रू थांबला. तो धनराजकडे बघत होता, कारण गेली तीन वर्षं या कामात शेवटचा शब्द धनराजचा असायचा. धनराज बराच वेळ मुलीकडे बघत राहिला. तिला शिकायला चंद्रपूरला सोडलं तेव्हाही तो एसटीच्या खिडकीकडे असाच बघत उभा राहिला होता. तेव्हा त्याला काही बोलता आलं नव्हतं.

"थांबला काऊन, पत्रू?" तो शेवटी म्हणाला. "लिही. माह्या पोरीचा विरोध आहे. आन तिच्या खाली माहं नाव लिही."

तो उठला आणि थोरल्या भावाकडे चालत आला. झिंगूने मान वर केली, आणि सरकून त्याला बसायला जागा दिली.